गव्हाचं सोवळं

बाबा, एक तक्रार आहे आणि ती गांभीर्यानं ऐकून घ्यावी. आपल्या अकोल्याच्या घरात मला वेगळा तवा, वेगळी परात आणि वेगळं उलथनं नेमून दिलेलं आहे. उलथन्याच्या दांड्याला तुमच्या सूनबाईंनी लाल दोरा बांधलाय, पाहुण्यांनाही तो दाखवतात. परवा मी पोळ्यांच्या डब्याला नुसता हात लावला तर आतून आवाज आला, "शिवू नका तिथं! आन् शिवलं असंन तं हात धुवा." आजीचं सोवळं तुम्ही स्वयंपाकघरात चपलांसकट शिरून मोडलं होतं. ते माझ्या पन्नाशीत परत आलं आहे. देवधर्माचा संबंध नाही, फक्त गव्हाचा विटाळ होतो.

रोगाला सिलिअॅक म्हणतात. गव्हात ग्लुटेन नावाचा पदार्थ असतो, तो पोटात गेला की माझं शरीर माझ्याच आतड्यावर चाल करून जातं. गव्हाला संस्कृतात गोधूम म्हणतात हे तुम्ही मला अंगणात बसवून घोकून घेतलं होतं. शब्द मी आजही तिन्ही वचनांत चालवून दाखवीन, पण वस्तू पचत नाही हे कळायला निम्मं आयुष्य गेलं. छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी, तट्ट फुगलेलं पोट, या सगळ्याला आपल्याकडे एकच नाव, पित्त. शेवटी अमरावतीच्या एका डॉक्टरांनी रक्त तपासलं, तोंडातून दुर्बीण घालून आतड्याचा कण काढला आणि पोळी कायमची बंद केली. मला त्याचं फार दुःख झालं नाही. ज्वारीची भाकर आणि ठेचा असला की वऱ्हाडी माणसाला वैराग्य सोपं जातं.

जळजळ मात्र थांबेना. डॉक्टरांनी विचारलं, जळजळ झाली की काय घेता? मी अभिमानानं सांगितलं, वडिलांचं औषध, ताकात हिंग. ते म्हणाले, हिंगाची डबी वाचा. घरी येऊन वाचली. बारीक अक्षरात लिहिलं होतं, गव्हाचं पीठ. हिंग तसा कडक, म्हणून त्यात पीठ कालवून विकतात. म्हणजे दिवसभर पथ्य पाळायचं आणि रात्री तुमच्या नावानं ते मोडायचं, असं चाललं होतं. आता पीठ नसलेला हिंग आणलाय. जळजळ हळूहळू कमी होते आहे. तुमच्या औषधाची अब्रू थोडक्यात वाचली.

त्या ताकामुळे तुम्ही फार आठवलात. तुम्ही जेवून उठता, उजव्या हाताची मूठ छातीच्या मधोमध दाबता आणि आरामखुर्चीत डोळे मिटून बसता. माय विचारते, "काहून, काय झालं?" तुम्ही म्हणता, "काई नाई, ताक आण." पोळ्या तुम्हाला मनापासून आवडायच्या. शेवटच्या वर्षी सदरा तुमच्या अंगावर दांडीवर वाळत घातल्यासारखा दिसायचा. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या चालू होत्या, त्या काही लागू पडल्या नाहीत. मी डॉक्टरांना विचारलं, वडिलांनाही हेच असेल का? ते म्हणाले, गेलेल्या माणसाचं निदान मी करत नाही. हा रोग रक्ताच्या नात्यात उतरतो, घरात जे आहेत त्यांचं रक्त तपासा. आणि तपासणी होईपर्यंत त्यांचा गहू बंद करू नका, नाहीतर असलेला रोगही दिसत नाही.

घरात म्हणजे तुमची नात. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. अमरावतीला राजापेठेत खोली घेऊन राहते, पर्समध्ये पित्ताच्या गोळ्या असतात. रविवारी ती आली म्हणून अंगणात गोवऱ्या पेटवून कणकेचे रोडगे भाजले. तिनं ते तुपात कुस्करून वांग्याच्या भाजीशी खाल्ले, मी समोर भाकर खाल्ली. मी तिच्या ताटाकडे पाहतोय हे बघून सूनबाई म्हणाल्या, "खाऊ द्या तिले. डॉक्टरनंच सांगतलं ना?"

हात धुऊन पोरगी खुर्चीत बसली.

"काहून असे पाहून राहिले, बाबा?"

"रक्त तपासाले कधी जाशीन?"

"जाईन ना. तुमाले तं साऱ्या गावाच्या पोटात तोच रोग दिसते. शेजारच्या मांजरीचंबी घ्या तपासून."

मी म्हटलं, मांजर पोळी खात असेल तर तिचंही घेऊ. ती हसली, आणि सोमवारी अमरावतीला परतण्याआधी माझ्यासोबत येऊन रक्त देऊन गेली. रिपोर्ट उद्या येईल.

निघालंच काही तर तिच्यासाठी दुसरं उलथनं आणू, दोरा हिरवा बांधू. तेवढं जमतं, हे मला आता ठाऊक आहे. हे पत्र कुठं टाकायचं ते तुम्ही सांगितलेलं नाही, म्हणून ते राहील इथंच. तक्रार उलथन्याची नव्हती, बाबा. रविवारी हसायच्या आधी तिनं उजव्या हाताची मूठ छातीच्या मधोमध दाबली होती. ती तिला कोणी शिकवलेली नाही. मला भीती वाटते आहे.