कूलरच्या मुंग्या

२७ एप्रिल १९६९, खामगाव

चि. प्रकाशने भुसावळहून कूलर पाठवला. पत्र्याची पेटी, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या, पोटात पंखा, बुडाशी पाणी, ते वर चढवायला छोटा पंप. त्याच्या बायकोला सातवा महिना लागला, तिला ऊन सोसायचं नाही, म्हणून. आईबापांना तीस उन्हाळे सोसलं, तेव्हा टेबलफॅन पाठवायचंही सुचलं नाही. असो. वास चांगला येतो.

२९ एप्रिल

हवा गार, पण दुपारी अंग चिकचिक. डब्यातले पापड मऊ पडले. सौ. म्हणते, यापेक्षा ओलं फडकं बरं. आपल्याकडे ऊन चढलं की दारं-खिडक्या लावून घ्यायची रीत, झळा नकोत म्हणून. मग ही ओल जाणार कुठे? समोरची खिडकी वीतभर उघडली, चिकटपणा गेला. शेजारचे लगेच विचारून गेले, "गुरुजी, उन्हात खिडकी उघडी काऊन?" त्यांना आमच्या खिडकीतून काय बघायचं आहे, कोण जाणे.

२ मे

सुमन माझ्याशी थेट बोलत नाही. सासऱ्याशी सुनेनं बोलू नये ही आमच्या घरची रीत. तिचं सगळं सौ.च्या तोंडून येतं. आज आलं, "सून म्हणते, कूलरपाशी मुंग्या येते."

ताट्या उचलून पाहिल्या, पेटीखाली पाहिलं. एक मुंगी नाही. तरी चारी बाजूंनी हळद टाकली.

४ मे

पुन्हा तेच. मुंग्या. हळदीची रेघ जशीच्या तशी. मी स्वतः दोन बादल्या पाणी ओतलं, पेटीला हात लावून चारी बाजूंनी पाहिलं. काही नाही.

मला यात दुसरंच दिसतं. प्र. मागच्या खेपेला आला तेव्हा दोघं भुसावळच्या रेल्वे क्वार्टरबद्दल कुजबुजत होती. मी ओसरीवर आलो की गप्प. बेत असा असावा: आधी या घरात त्रास आहे म्हणायचं, मग बाळंतपणाला माहेरी मेहकरला, तिथून परस्पर भुसावळ. इथे आम्ही दोघं भिंती मोजत बसणार. वर्गात जन्मभर पोटदुखीच्या सबबी ऐकल्यात, मला काय शिकवता.

सौ.पाशी बोललो. "तुमाले सगळेच चोर दिसते."

"अन् तुले एकबी दिसत नाही."



७ मे

पंपातून पाणी वर चढेना. विहिरीच्या जड पाण्याचा पांढरा थर. मिस्त्रीनं घासून काढला, चालू झालं. त्याला मुंग्यांचं विचारलं. हसला. "इथं का गूळ सांडला गुरुजी, मुंग्या यायले?" म्हणजे मी म्हणतो तेच.

१० मे

दुपारी मधल्या खोलीत धाडकन आवाज. सुमन पाणी ओतता ओतता बादलीसकट खाली बसली. घरभर पाणी. विहीर तळाला गेलेली, एकेक बादली खेचताना हात भरून येतात. मी ओरडलो, पाणी काही मेहकरहून येत नाही म्हणालो. तिनं पदर पुढे ओढला, उजवा हात काखेत दाबून बसून राहिली. रडली नाही. मला तर ते नाटकच वाटलं.

१२ मे

तिचा भाऊ मेहकरहून न्यायला हजर. कोणी कळवलं? सौ. आढ्याकडे बघते. सु. सगळी लुगडी घेऊन गेली, हिवाळ्याची शालसुद्धा. बाळंतपणाला शाल लागते? सौ. म्हणते लागते. म्हणजे सगळ्या एक आहेत.

घर फार मोठं वाटतं.

१३ मे

सकाळी स्लिपरचा पट्टा तुटला. टाचांना भेगा आहेत म्हणून मी घरातही रबरी स्लिपर घालतो, बाकी सगळे अनवाणी. आज पहिल्यांदा ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहून कूलरच्या पत्र्याला हात लावला.

दंडापर्यंत झिणझिणलं. हात सुटला हे नशीब.

मुंग्या. हाताला येणाऱ्या मुंग्या. आणि मी फरशीवर शोधत होतो. जन्मभर मराठी शिकवलं.

प्लग ओढून काढला. पंपाची वायर पत्र्याच्या काठाला घासून उघडी पडलेली. सौ.ला विचारलं, सु. नेमकं काय म्हणाली होती? "कूलरले हात लावला का मुंग्या येते, असं म्हणे."

"मग मला सांगताना हात कुठे गेला?"

"तुमी पुरतं ऐकता का कोणाचं?"

सातवा महिना. ती पाण्यात उभी राहून रोज ओतत होती. पोटातल्याला काय झालं असेल? भीती वाटते. हे विचारायचं कोणाला?

१४ मे

मिस्त्री आला. "थोडं तं पास होतेच कूलरमंदी, गुरुजी. चप्पल घालून पाणी टाकत जा." इतक्या सहज बोलला की हात उगारावासा वाटला. वायर बदलली, तिसरी तार जमिनीत पुरली, आता बिनधास्त म्हणतो. मी प्लग लावलेला नाही.

१६ मे, मेहकरहून परत

एकटाच गेलो. व्याह्यांनी आंबे कापले. प्रवास, ऊन, भाव, सगळं बोलून झालं. सु. दाराआड. तिनं घरी काहीच सांगितलेलं नव्हतं, ऊन सोसेना म्हणून आले एवढंच. हे जास्त लागलं.

सासऱ्यानं सुनेला पोटाचं विचारायचं नसतं. विचारलं. "सुमन, बाळ हालते का?" व्याही खोकले, विहीणबाई उठून आत गेल्या.

दाराआडून आवाज आला. माझ्याशी ती पहिल्यांदा बोलली. "हाव, हालते. पडले त्या दिवशी रात्रीपर्यंत नव्हतं हाललं."

मी म्हटलं, पेटीत करंट होता. तू खरं सांगत होतीस. मी तुला खोटी ठरवली.

 ती म्हणाली, "मामाजी, क्वार्टर भेटला तं बाळंतपणानंतर मी भुसावळले जाऊ का?"

म्हणजे क्वार्टरचा माझा संशय खरा होता. पण तिनं चोरून काही केलं नाही, समोर विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. एस.टी.ची वेळ झाली असं सांगून उठलो. गाडीला अजून तास होता, स्टँडवर बसून राहिलो.