संग्राहकाचा कोरा रकाना

सर, कॉलेजातल्या लोखंडी कपाटात ते वाळवलेले नमुने सापडले. किनवटच्या जंगलातल्या फांद्या, जाड कागदावर चिकटवलेल्या. खाली झाडाचं नाव, जागा, तारीख सगळं आहे. संग्राहकाच्या नावाचा रकाना तेवढा कोरा. आता हे सगळं कॉम्प्युटरवर चढवून राहिलोत. नाव नसेल तिथं 'अज्ञात' टाक, असं विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या. माझं डोकंच सटकलं. अख्खा उन्हाळा डोक्याला पंचा बांधून रानोमाळ हिंडलेला माणूस अज्ञात? "पण सरांचेच हायेत कशावरून?" त्यांनी विचारलं. त्यांचंही खरं; अक्षर छापील वळणाचं, कुणाचंही असू शकतं.

मग मी एकेक कागद उघडत बसते आणि टेंभुर्णी येते. फांदी आहे, पानं आहेत, फळाच्या जागी देठाची नुसती टोपी. चारोळीचं तेच, करवंदाचं तेच. मी एकटीच हसत सुटले! आमच्या अभ्यास सहलीत तुम्ही फांदी कापायचात, पिकलेलं फळ तोंडात टाकायचात, मग फांदी कागदात दाबायचात. मी म्हटलं होतं, "सर, नमुन्याला फळ पाहिजे ना?" तुम्ही बी थुंकत म्हणालात, "फळ काय कागदाला खायचंय का?" मॅडमही तुमच्याच हाताखाली शिकलेल्या. कागद बघितले अन् तोंडाला पदर लावून हसल्या. "हाव गं, हे दुसऱ्या कुणाचं काम न्हाई. टाक नाव."

रकाना कोरा का, हे मला ठाऊक होतं. त्याच सहलीत डबा खाताना विचारलं होतं. तुम्ही तासिकेवर शिकवायचात, दर वर्षी नवी नेमणूक. "परमनंटची ऑर्डर येऊ दे, मग पदासकट एकदमच टाकतो सगळ्यांवर." ऑर्डर काही आली नाही, तुम्हीच गेलात. राग येतो सर, अजून येतो. कॉलेजचा येतो अन् थोडा तुमचाही.

काल तुमचं नाव टाकलं. कॉम्प्युटर पद विचारतच नाही, नुसतं नाव मागतो. एकेका नमुन्यावर टाकत गेले अन् डोळे पुसत गेले. हे पत्र काही टपालात पडायचं नाही, म्हणून सांगते. तुमच्या नावाखाली 'तपासणारा' असा आणखी एक रकाना आहे, माझ्या नावासाठी. तो मी कोराच सोडलाय. मीही तासिकेवरच आहे, सर. यंदा होईल म्हणतात.