सुनेच्या गाडीतला पिंजरा आणि माझ्यामागची वाटणी

मी, खाली सही करणारी, गाड्यांच्या सीटा बांधणारी आणि कव्हरं शिवणारी बाई, जिला गल्लीतले लहानथोर सुईमावशी म्हणतात, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. घरच्यांना विचारलंत तर ते सांगतील की दबाव उलट्या बाजूने आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. वकिलाने एक नमुना दिला होता. त्यातले भारदस्त शब्द घेतले आहेत, बाकीचे माझे.

मला मरायची घाई नाही. हे लिहायला बसले ते एका गाडीमुळे. गाडी माझ्या नावावर आहे, ती रोज माझी सून चालवते, मागे नात बसते, आणि माझ्या एकुलत्या एक मुलाने त्या गाडीची जी दशा केली आहे तिच्यात त्या दोघींपैकी एकीचं डोकं फुटेल. ते फुटू नये, एवढ्याचसाठी हा कागद. बाकीची वाटणी ओघाने.

कलम एक. घर. वरच्या दोन खोल्या आणि खालचं दुकान माझ्यामागे सुनेच्या नावावर व्हावं. मुलाला, म्हणजे ज्याला त्याचे टवाळ मित्र पायलट म्हणतात त्याला, तिथे राहता येईल, सुनेने ठेवलं तर. तो म्हणेल, आईने मला घराबाहेर काढलं. मी काढलेलं नाही. मी फक्त दाराची किल्ली शहाण्या माणसाच्या हातात दिली आहे.

कलम दोन. बँकेत जे काही असेल ते नातीच्या शिक्षणाला. पायलटने त्यातून एक नटबोल्टसुद्धा विकत घेऊ नये.

कलम तीन. माझे धाकटे दीर. माझे यजमान टॅक्सी चालवायचे. सीटची स्प्रिंग वर येऊन पाठीला टोचायची, म्हणून एका दुपारी मी ती सीट उसवून पुन्हा बांधली. दुसऱ्या टॅक्सीवाल्याने पाहिली, मग तिसऱ्याने. असा माझा धंदा सुरू झाला. कोणी शिकवला नाही. तेव्हा हे दीर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "वहिनी, बायकांनी उशा शिवाव्यात, गाड्यांना हात लावू नये." मी ते विसरलेले नाही. त्यांना माझ्यामागे एक उशी द्यावी. शिवून ठेवली आहे. कापूस भरलेला नाही.

कलम चार. मोठं मशीन, जे रेक्झिनचे चार थर एका दमात शिवतं, ते शेजारच्या टायरवाल्याच्या बायकोला. तिने माझ्याजवळ बसून काम उचललं आणि तिच्या टाक्यात लबाडी नाही. अट एकच: या मशीनखाली गाडीचा सुरक्षेचा पट्टा कधीही घालायचा नाही. उशी उसवली तर माणूस हसतो, पट्टा उसवला तर माणूस उरत नाही. ही अट का, ते पुढे येतंच आहे.

कलम पाच. गाडी. हे कलम लांब आहे. वाचणाऱ्याने पाणी पिऊन घ्यावं.

पायलटचं गाड्यांना भोंगे, दिवे, स्टिकर लावायचं दुकान आहे. एकदा मित्राबरोबर शर्यतीच्या मैदानावर गेला, त्याच्या गाडीत दोन चकरा मारून आला, आणि तेव्हापासून भाजी आणायला निघाला तरी वळणावर तोंडाने टायरचा आवाज काढतो. मी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माहेरी बहिणीकडे राहिले होते. परत आले, तर नव्या डोळ्याने पहिली गोष्ट दिसली ती ही: माझ्या गाडीत आतून लोखंडी पाइपांचा पिंजरा. छताखाली पाइप, दारात आडवे पाइप, पुढच्या सीटांच्या मागे जाडजूड कमान. चालकाची सीट काढून जागी बादलीसारखी टणक खुर्ची. पुढचे-मागचे मूळचे पट्टे काढून चालकाला चार पट्ट्यांचं शर्यतवाल्यांचं जोखड, मागे काहीच नाही. आणि मी शिवलेली कव्हरं? ती त्याच्या दुकानात पायपुसणी झाली होती.

"आई, सेफ्टी आहे ही!" तो म्हणाला. "गाडीने चार कोलांट्या खाल्ल्या तरी आत ओरखडा नाही."

"आपल्या सिग्नलवर कोलांट्या कोण खातं रे?"

"तुला नाही कळायचं त्यातलं."

आत बसायला दारातला पाइप ओलांडावा लागतो. सून उंचीला बेताची; ती साडी नेसली असली की आधी पिशवी आत, मग एक पाय, मग देवाचं नाव, मग दुसरा पाय. ते चार पट्टे पक्के आवळले की तिचा हात हँडब्रेकला पोचत नाही आणि चौकात वाकून डावीउजवीकडे बघता येत नाही. मग ती काय करते? खांद्याचे पट्टे मागे टाकते आणि नुसता कमरेचा लावते. म्हणजे ब्रेक लागला की कमरेपासून वरचं सगळं शरीर मोकळं, आणि आजूबाजूला लोखंड. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे मोत्याने नाकच कापायला घेतलं होतं.

बरं, पट्टे तिला लांब पडतात, म्हणून या शहाण्याने ते कापले आणि माझ्याकडे घेऊन आला. "आई, दोन टाके मार." मी नाही म्हटलं. मग प्रवासी बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून शिवून आणले. मी एक टोक पायाखाली धरलं आणि दुसरं दोन्ही हातांनी ओढलं. टरकन आवाज झाला. माझ्यासारख्या म्हातारीच्या ओढीला जे उसवलं, ते गाडीच्या धडकेला काय टिकणार होतं? पायलटचा मित्र, ज्या वेल्डरने हा पिंजरा ठोकला, तो शेजारी उभा होता. तो म्हणाला, "मावशी, तुमच्यात फार जोर आहे हो." त्या वेल्डरला या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही. त्याला माझ्या दारातला चहासुद्धा मिळणार नाही. पट्टे मात्र पायलटने न कापलेले दुसरे आणून लावले.

आता खडूची गोष्ट. नवी सीट बांधली की मी आतल्या लोखंडी सांगाड्याला खडू चोळते, वर नुसतं कापड टाकते आणि गिऱ्हाइकाला बसवते. कापडावर जिथे खडू उमटतो तिथे त्याचं हाड लागतं. तिथे मी जास्त फोम भरते. तसाच खडू मी पिंजऱ्याच्या सगळ्या पाइपांना चोळला. कोणाला बोलले नाही. सून रोजच्यासारखी लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामावर गेली, येताना शाळेतून नातीला घेऊन आली. धडक नाही, काही नाही. वाटेतले खड्डे, एक गतिरोधक आणि मध्ये आलेलं एक कुत्रं.

दोघी खाली उतरल्या. सुनेच्या कानाच्या वर, केसांत पांढरा पट्टा. नातीच्या कपाळावर आडवी रेघ, कमानीवर आपटल्याची.

"आजी, मला कोणी रंगवलं?" ती हसत होती.

मी पायलटला हाक मारून दोघींना त्याच्यासमोर उभं केलं. तो म्हणाला, "शर्यतीत लोक याच पिंजऱ्यामुळे वाचतात, आई."

"वाचतात. नाही कोण म्हणतंय? त्यांच्या डोक्यावर हेल्मेट असतं, अंग खुर्चीला बांधलेलं असतं आणि समोरून दूधवाला येत नसतो. तुझ्या बायकोच्या डोक्यावर क्लिप असते."

"मग घालू दे की हेल्मेट!"

बिचारीने एक दिवस घातलंही. मागच्या गाडीचा भोंगा ऐकू येईना. लॅबच्या फाटकावर वॉचमनने विचारलं, "मॅडम, मोटरसायकल कुठे लावली?" त्यावर पायलटने तोडगा काढला: एसीच्या पाइपवर चढवतात तो मऊ फोम पिंजऱ्यावर चढवला. मी अंगठ्याने दाबला. अंगठा सरळ लोखंडाला लागला. आयुष्यभर मी फोमच दाबत आले आहे. तो गादीचा आहे की दिखाव्याचा, हे माझ्या अंगठ्याला विचारावं. पण पालथ्या घड्यावर पाणी. "लोक गाडी बघायला येतात दुकानात," एवढंच त्याचं म्हणणं. अखेर खरं बोलला. सेफ्टीबिफ्टी काही नाही, माझी सून त्याच्या दुकानाची चालती पाटी होती.

म्हणून मी असं ठरवते की, माझ्या मृत्यूनंतर ही गाडी एकट्या सुनेच्या मालकीची व्हावी, आणि माझ्या तेराव्याच्या आत टायरवाल्याने तो पिंजरा मुळापासून काढून कंपनीचे पट्टे पुन्हा बसवावेत. पायलटने आडवं येऊ नये.

कलम सहा. कलम पाचमधला शेवटचा परिच्छेद मी रद्द करते. कारण खालीलप्रमाणे.

वरचं लिहून झाल्यावर मी सुनेला समोर बसवून वाचून दाखवलं. मला वाटलं, डोळ्यांत पाणी येईल, पाया पडेल. लग्न होऊन आल्यापासून ती घरात चढ्या आवाजात बोललेली नाही. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "आई, म्हणजे तुम्ही जाईपर्यंत आम्ही दोघींनी त्यातच बसायचं?"

मी कागद खाली ठेवला.

"तुमची तब्येत बघता तुम्ही शंभरी गाठणार. मी रोज सकाळी काय म्हणत पाइप ओलांडू? आई कधी जाताय?"

मला हसूही आलं आणि लाजही वाटली. मृत्युपत्र म्हणजे वरातीमागून घोडं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. गाडी माझी, कागद माझे, हात अजून चालतात, आणि मी मरणाची वाट बघत बसले होते!

त्या रविवारी पायलट कुठल्याशा गाड्यांच्या प्रदर्शनाला गेला होता. मी टायरवाल्याला हाक मारली. तो ग्राइंडर घेऊन आला, पण दारात घुटमळला. "मावशी, तुमचा मुलगा मला फाडून खाईल."

"त्याच्या आधी मी खाईन. चल."

आतलं अस्तर, कार्पेट, बॅटरी, सगळं काढून ओल्या गोणपाटांनी झाकून घेतलं, ठिणगी कुठे पडू नये म्हणून. पहिला पाइप त्याने कापला. दुसऱ्याला सून पुढे आली. "मला द्या," म्हणाली. डोळ्यांवर चष्मा चढवला, आणि जो पाइप तिच्या कानाला लागत होता तो तिने स्वतः कापला. खाली पडला तेव्हा असा खणकन वाजला की समोरची औषधवाली दुकान सोडून बाहेर आली. उरलेली खुंटं घासून सपाट केली. मग गाडी टोचन करून कंपनीच्या वर्कशॉपला नेली. तिथल्या माणसांनी मूळची सीट आणि नवे कोरे पट्टे बसवले, पुढचे आणि मागचे, प्रत्येक बोल्ट तपासून. त्यांना मी टाका घातला नाही, हातही लावला नाही. कव्हरं तेवढी नवी शिवली.

पायलट आला. अंगणात पाइपांचा ढीग पाहून किंचाळला, "कोणी केलं हे?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सून म्हणाली, "मी."

त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पुन्हा विचारलं. तिने पुन्हा सांगितलं, "मी कापलं. आईंची गाडी, त्यांना विचारून कापलं. जेवायला वाढू का?"

तो जेवला नाही. त्या दिवसापासून माझ्याशी बोलतही नाही; शेजाऱ्यांना सांगतो, आई म्हातारपणी बिघडली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर लोखंड कापलं तरी पीळ तसाच.

तर गाडी माझ्या हयातीतच सुनेच्या नावावर करून दिली आहे. तिच्याबद्दल या कागदात आता काही उरलं नाही.

कलम सात. पायलटला काय. तो माझ्या पोटचा आहे. त्याच्या बारशाचं अंगडं मीच शिवलं होतं, आणि ते त्याने पहिल्याच तासात ओलं केलं. तेव्हाच मला कळायला हवं होतं. तो कापलेला संपूर्ण पिंजरा मी त्याला देते, एकही तुकडा कमी न करता. विकावा, वेल्डरच्या गळ्यात घालावा किंवा मित्राच्या शर्यतीच्या गाडीत लावावा. तिथे तो शोभेल, आत बसणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट असेल तर. त्याबरोबर माझी खडूची डबीही देते. ज्या दिवशी तो दुसऱ्या कोणाच्या बायकोमुलांच्या गाडीत असलं काही बसवायला घेईल, त्या दिवशी आधी लोखंडाला खडू चोळावा आणि त्या माणसाला एक चक्कर मारून यायला सांगावं. मग आपल्या डोळ्यांनी बघावं कुठे उमटतो ते. त्याने एवढं केलं, तर कलम एकमधला "सुनेने ठेवलं तर" हा शब्दप्रयोग सुनेने खोडून टाकायला माझी हरकत नाही.

या सगळ्याची अंमलबजावणी टायरवाल्याने करावी. त्याची बायको कलम चारमध्ये आहे म्हणून साक्षीला त्याला घेतलेलं नाही. वकिलाची ही सूचना मी पाळली.

तिने आमच्यासमोर सही केली आणि आम्ही तिच्यासमोर, याची साक्ष:
समोरची औषधवाली (सही)
लॅबच्या फाटकावरचा वॉचमन (सही, हा आज सुट्टीवर आहे आणि खास आला आहे)

ठिकाण: दुकानातलं माझं कापायचं टेबल.
दिनांक: सोमवार, सुनेची कामावर जायची वेळ. सही करायला पेन हातात घेतलं होतं, साक्षीदार खोळंबले होते. मी म्हटलं, जरा थांबा. बाहेर गाडीचं दार लागलं. मग पट्ट्याचा आवाज आला, टक्. मग मागून आणखी एक, बारका, टक्.

ते दोन्ही ऐकून मगच सही केली.

सुईमावशी