गराजमधली दहावी खुर्ची

१७ ऑगस्ट, गुरुवार

नालायक! आर्डेलच्या गराजमध्ये, सगळ्यांसमोर, हातात बिअर घेऊन सांगतोय — "माझी साधी युक्ती आहे. एक रकाना सोडून द्यायचा आणि उरलेल्या नऊत जीव ओतायचा." माझी युक्ती!! शब्दसुद्धा माझे! इतकी वर्षं आमच्या दोघांचा संघ मी चालवला. हा रॉयस शेजारी बसून चिप्स खायचा आणि जिंकलो की उठून टाळ्या घ्यायचा. घटस्फोटात घर त्याला गेलं, कुत्रा माझ्याकडे आला. युक्ती त्याच्या नावावर केल्याचं मला आठवत नाही.

वर आर्डेल. लीगचा प्रमुख म्हणे! दिवसभर टायर बदलतो आणि संध्याकाळी न्यायाधीश होतो. "मार्लीन, खुर्च्या दहाच. रस्कोच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं म्हणून यंदा तुम्हा दोघांना वेगवेगळे संघ देता आले. पुढच्या वर्षी तो परत येतोय. तुमच्यापैकी एकाला जावं लागेल."

कोणाला?

"शेवटच्या आठवड्यात तुमची दोघांची गाठ आहेच. जिंकेल तो राहील."

सगळे हसले. कोंबड्यांची झुंज लावलीय मेल्यांनी.

१८ ऑगस्ट

पेशंटने विचारलं, हा तुमचा खेळ असतो तरी काय? तोंडात नळी असताना बरं सुचतं लोकांना. म्हटलं, मैदानात खरे खेळाडू बेसबॉल खेळतात, आम्ही त्यांच्यातून आपापले कागदी संघ निवडतो. त्यांनी जे केलं ते आमच्या नावावर. दर आठवड्याला एकाशी सामना. रकाने दहा — पाच बॅटिंगचे, पाच पिचिंगचे. ज्याचे रकाने जास्त, त्याचा आठवडा.

"म्हणजे तुम्ही स्वतः काहीच खेळत नाही?"

त्याचे दात जरा जोरातच घासले.

२२ ऑगस्ट

रॉयस लागोपाठ तिसरा आठवडा जिंकला. टोमॅटोवर कीड.

२५ ऑगस्ट, शुक्रवार

बर्निसचा फोन. सख्खी बहीण, पण डोकं नाही. "अगं, एवढा काय जीव टाकतेस! कॉम्प्युटरवर हजार लीग मिळतील." मिळतील ना. हजार अनोळखी माणसं! मार्चमध्ये खेळाडू निवडायला बसतो तेव्हा आर्डेलची बायको पिरोगी, त्या बटाट्याच्या करंज्या, तळते, रस्को मोठ्याने खोटं बोलतो, गराजचं दार अर्धं उघडं असतं आणि पाय गारठतात — ते कुठल्या कॉम्प्युटरवर मिळतं? वर्षभर मी लोकांच्या जबड्यात वाकलेली असते. तिथे मला विचारतात, "मार्लीन, हा घेऊ की तो?" आणि मी सांगते ते ऐकतात. घर गेलं तेव्हा मी रडले नव्हते. ही खुर्ची गेली तर रडेन, हे लिहून ठेवते.

आणि ती त्याला मिळाली तर — त्याला! ज्याला सरासरी काढायला अजून बोटं लागतात!

२८ ऑगस्ट, सोमवार

लागली झुंज. आजपासून रविवारपर्यंत.

त्याचा संघ मला पाठ आहे. मीच शिकवलेला! शेवटी येऊन सामना वाचवणारे पिचर महाग पडतात म्हणून तो रकाना तो सोडतो. बरं, सोड. मी कालच तसले दोन फुटकळ पिचर उचलले. तो रकाना फुकटात माझा. होम रन त्याला घेऊ देत, त्याच्याकडे सगळे रेडेच आहेत. माझी पोरं पळणारी. बेस चोरतील, धावा काढतील. सहा-चार. मला सहाच हवेत, सातवा नको.

३० ऑगस्ट

चोर! टँपाचा तो डावखुरा पिचर कोणाच्याच संघात नव्हता, मी हेरून ठेवला होता. सकाळी कुत्र्याला फिरवून येईपर्यंत रॉयसने उचलला. हा माणूस संसारात एकदाही साडेसहाच्या आधी उठला नाही. एकदाही!!

१ सप्टेंबर, शुक्रवार

पुढे आहे. सहा-चार!

पिचिंगच्या सरासरीचे दोन्ही रकाने माझे आहेत, पण केसभरच. एखादा पिचर झोडपला गेला की दोन्ही हातचे जातील. म्हणून डाव ठरलाय. उद्या माझ्या लामोथला टाकू द्यायचं, तो सहज सहा इनिंग टाकतो. आठवड्यात निदान वीस इनिंग भरल्याच पाहिजेत, नाहीतर पिचिंगचे पाचही रकाने समोरच्याला. लामोथ धरून एकवीस. झालं! रविवारी सगळे पिचर बाकावर, म्हणजे त्यांनी टाकलेलं माझ्या नावावर मोजलंच जाणार नाही. चेंडूच टाकला नाही तर मार कसला?

पुरुषांना हे जमत नाही. त्यांना शेवटपर्यंत बाह्या सरसावायच्या असतात.

२ सप्टेंबर, शनिवार

क्लीव्हलँडला पाऊस. लामोथचा सामनाच झाला नाही, सोमवारी ढकलला. ठीक आहे. मार तरी बसला नाही, सरासरी जागच्या जागी.

पण याचा मेसेज! "लामोथ भिजला वाटतं! छत्री पाठवू का?" आणि हसणारे चेहरे, ओळीने सहा. पन्नाशी उलटली, तरी शाळेतल्या पोरासारखे चेहरे पाठवतो. लग्नात हेच. माझी आई हॉस्पिटलात होती तेव्हाही विनोद. पाईप फुटला, विनोद. मी सामान बांधत होते तेव्हा म्हणे, "टोस्टर नेतेस तर ब्रेडपण ने." दारात उभा राहून!! तेव्हा एक शब्द धड बोलला असता तर — जाऊ दे.

यापुढे त्याचा फोन उचलायचा नाही. मेसेज वाचायचा नाही. आर्डेलमार्फत काय ते बोल म्हणावं.

३ सप्टेंबर, रविवार

सकाळी उठल्या उठल्या सगळे पिचर बाकावर बसवले. पेटवेलासुद्धा. दुपारी डेट्रॉइटमध्ये टाकणार आहे, पण आज त्याचा भरवसा नाही. सहा-चार. आता बसा बोंबलत.

जेवणाच्या वेळेला रॉयसचा फोन. नाव बघूनच डोकं फिरलं. हरतोय म्हणून गयावया करायला, नाहीतर नवा विनोद ऐकवायला! वाजू दिला. परत वाजला. परत. शेवटी फोन ब्रेडच्या डब्यात टाकला आणि झाकण लावून अंगणात गेले. वाज म्हटलं मेल्या, पावाला ऐकव.

त्याच दिवशी, संध्याकाळी

हरले. सात-तीन.

४ सप्टेंबर, सोमवार

आर्डेलने सुट्टीच्या दिवशी घरी येऊन सांगितलं. दारातच उभा होता, टोपी हातात, मयताला आल्यासारखा. "मार्लीन, इनिंग पंधराच भरल्या. वीस लागतात."

पंधरा! लामोथच्या सहा मी धरूनच चालले होते. सामना झाला नाही हे मीच लिहिलंय — वर, माझ्याच अक्षरात — आणि सहा वजा करायचं सुचलं नाही. त्या हसणाऱ्या चेहऱ्यांवर चिडत बसले! दात किडलाय हे लोकांना दुरून सांगते, आणि स्वतःची बेरीज...

पेटवेने काल सात इनिंग टाकल्या. एकही धाव दिली नाही!

आणि ही वीसची अट आणली कोणी? मी! रस्को नुसते एकेक इनिंग टाकणारे पिचर घेऊन सरासरी सांभाळत बसायचा, म्हणून मीच टेबलावर हात आपटून करायला लावली होती. आर्डेल म्हणाला, "नियम तुझाच आहे गं, मी तरी काय करू?" काय करणार! पिरोगीचा डबा ठेवून गेला. फेकणार होते. कुत्र्याने बघितलं म्हणून नाही फेकला.

आता तो माझ्या खुर्चीत बसून माझी युक्ती माझ्याच माणसांना सांगणार. आणि काल फोन करून खिदळायचं होतं त्याला! तीनदा! इतका नीच असेल असं वाटलं नव्हतं. खरंच नव्हतं.

रडले. लिहिलं होतं तसंच झालं.

६ सप्टेंबर, बुधवार

फोनमधलं त्याचं सगळं पुसायला बसले. रविवारचा एक आवाजी निरोप होता, बारा वीसचा. बोट चुकलं आणि लागला.

"मार्ली, मी रॉयस. अगं, तुझ्या पंधराच होतायत! लामोथचा सामना पुढच्या आठवड्यात गेला, तो धरू नकोस. पेटवेला लाव, एक दहाला सुरू होतोय, अजून वेळ आहे. शिव्या मागाहून घाल. मला जिंकायचंय, पण असं नाही गं... फोन उचल ना, मार्ली."