दोरीचा एक वेढा

रविवार, संध्याकाळ. मांडवी.

चार दिवस वही उघडायचं टाळलं. लिहिलं की कबूल करावं लागणार.

गाडीमागे जोडून फिरायला, राहायला बनवतोय त्या ट्रेलरमधला पलंग हलका हवा, दिवसा छताला ओढून घेता यावा, म्हणून बांबूच्या चौकटीवर मासेमारीचं जुनं जाळं ताणलं. चार कोपऱ्यांना कप्प्या आणि नायलॉनची दोरी. होडीवर जाणारा माझा दोस्त सलीम म्हणाला होता, "मेल्या, नवी दोरी निसटते. दोन वेढे घाल." एका कोपऱ्याला मी एकच घातला. बाहेर मासेवालीची हाक आली, बांगडे बघायला गेलो आणि विसरलो.

त्याच संध्याकाळी गाठ सुटली. खाली बसलेल्या सलीमच्या हातावर चौकट आली. दोन बोटं मोडली. जाळं ओढणाऱ्या माणसाची बोटं, तीही ऐन हंगामात.

दवाखान्यात तोच म्हणाला, "दोरीच भिकार होती, तू काय करणार?" मी हो म्हणून मान हलवली. का हलवली?

एक वेढा. आज चारही कोपऱ्यांना दोन-दोन घातले, स्वतः खाली झोपून पाहिलं. पलंग हलला नाही. सलीमकडे मात्र गेलो नाही.

फाटक वाजलं. सलीमचे अब्बा आलेत, खांद्यावर त्यांच्या होडीवरची दोरी. म्हणतायत, "ही लाव बाबा, ही दगा नाही देणार."