आत यायची ताकद

पुसद, बुधवार रात्र, नोव्हेंबर २००६

आज बायकोले, सुनंदाले, सांगून टाकलं. हलकं वाटून राह्यलं.

कृषी सहायक म्हणून दिवसभर गावोगावी फिरतो, कापूस हातचा गेलेल्या लोकायले धीर देतो. "साहेब आले की बरं वाटते," म्हणतात. मग घरी येतो अन् अंगणात गाडी बंद करून तिच्यावरच बसून राहतो. वाटलं होतं, हे कोणाले दिसत नाही.

आज बायको बाहेर आली. "रोज खिडकीतून पाहून राह्यली मी. गाडीवरच काहून बसता? आत काहून येत नाही?"

थकलो, एवढंच म्हणणार होतो. निघालं भलतंच. "आत यायची ताकदच राहत नाही. लोकायले जगा म्हणतो, अन् मलेच जगावंसं वाटत नाही."

घाबरली असेलच. पण माझा हात धरून उभी राहिली. "उद्या सुट्टी टाका. दोघं डॉक्टरकडे जाऊ."

इतके महिने एकट्यानं कायले ओढलं मी हे?

जेवताना म्हणालो, "भाजीत मीठ जास्त झालं."

"रोज एवढंच असते," ती म्हणाली. "तुम्हाले आज कळलं."