मामीच्या मालिकेतल्या जाहिराती

४ फेब्रु., बुध.
मामांच्या जुन्या कॉम्प्युटरवर मामीची मालिका आहे. आज फोल्डर उघडून मोजली, तीनशे अकरा भाग. मामी दवाखान्यात नर्स होती, कायम दुपारपाळी. मालिका सुटायची म्हणून मामा टीव्ही कार्ड लावून रोज रेकॉर्ड करायचे. आता तिला माझं नाव आठवत नाही, मामांचंही कधी आठवतं कधी नाही. पण ही मालिका लावली की शांत बसते. दुपारचं जेवण तिच्यासमोरच. दुसरं काही लावलं की उठते आणि दाराची कडी ओढत बसते.
रश्मीताईचा बंगलोरहून फोन. मामांची एकुलती एक. मामा म्हणाले, "जय भीम, बोल." बोलायचं माझ्याशीच होतं.
"त्या जाहिराती काढून टाक रे. आवाज केवढा असतो, आई दचकते. तू घरीच असतोस ना?"
घरीच असतोस. दर फोनला हे एक. पुलगावहून येऊन आठ महिने झाले. तीन नोकऱ्या मी सोडल्या, चौथीने मला सोडलं. घरीच असतो.

५ फेब्रु., गुरु.
जाहिराती कापायचं सॉफ्टवेअर मिळालं, फुकट. डोकं छान आहे त्याचं. जाहिरात लागली की कोपऱ्यातला चॅनलचा शिक्का जातो, मध्ये क्षणभर काळं होतं. ते ओळखून बरोबर तिथे खुणा करतं. आपण बघायचं, पटलं तर कापायचं. नाहीतर अख्खं फोल्डर द्यायचं आणि विसरून जायचं.
एक भाग हाताने केला. लोण्यासारखा. मामांना दाखवला.
"म्हणजे काहीतरी येतं तुला."
हे कौतुक होतं. बिबवेवाडीत तीस वर्षं राहिल्यावर माणूस असं कौतुक करतो.

६ फेब्रु., शुक्र.
डिस्क भरलेली, नव्या फाईलींना जागाच नाही. सॉफ्टवेअरमध्ये एक चौकोन आहे, कापून झाल्यावर मूळ फाईल काढून टाकू का. टिक केलं. फोल्डर दिलं. दिवसभर चालणार म्हणून बाहेर पडलो. मामांनी मंडईतून मेथी सांगितली होती. तिथे लिंबंवाला आर्वीचा निघाला, आपल्याकडचा. त्याच्याशी गप्पा, चहा, मग त्याचा टेम्पो कुठे कात्रजला जात होता तर बसलो. का बसलो, माहीत नाही. सातला घरी. मेथी राहिली.
३११ भाग स्वच्छ, डिस्कवरही जागा झाली. र.ताईला फोटो पाठवला, अंगठा आला.

९ फेब्रु., सोम.
मामी जेवत नाही. शनिवारपासून. मालिका लावली की एकटक बघते, तोंड मिटलेलं. मामा वाटी घेऊन शेजारी बसून असतात. मालिका संपली की उठते, झोपते. सकाळी चहात बुडवून थोडं बिस्किट, तेवढंच. मामा म्हणाले, पोट बिघडलं असेल.

१२ फेब्रु., गुरु.
डॉक्टरांनी वजन केलं, चेहरा गंभीर केला. असंच राहिलं तर नळी घालावी लागेल म्हणाले.
र.ताईला कळवलं. तिने लोणी काळभोरला अशा रुग्णांसाठी एक केंद्र शोधून ठेवलंय. आज नाही, आधीच शोधलेलं असणार. "बाबा, तिथे चोवीस तास नर्स असते." मामांनी फोन स्टुलावर ठेवला आणि आत गेले. ती बोलतेच आहे. पुढच्या रविवारी येते म्हणाली, २२ ला. तोवर आई जेवायला लागली तर ठीक.
नंतर मामा म्हणाले, "जन्मभर लोकांची माणसं सांभाळली हिनं. आता हिला लोक सांभाळणार."

१४ फेब्रु., शनि.
समोरच्या केळकर काकू मऊ भात घेऊन आल्या. मालिका चालू होती, बसल्या. थोड्या वेळाने,
"ब्रेक कुठे गेला?"
"कापले काकू. सगळे."
"कोणी?"
"मी."
"वा. ती ब्रेकमध्ये जेवते. आठ महिने या घरात जेवतोयस, दिसलं नाही? तुझं ताट दिसत असेल फक्त."
मामा दारात उभे होते. तिथेच चौकटीला टेकले.
मग त्यांनी सांगितलं. मला नाही, काकूंना. मामी पाळीवरून आली की हातपाय धुऊन मालिकेसमोर बसायची. मालिका चालू असताना कुणी बोलायचं नाही. ब्रेक लागला की मामा आत जायचे, तव्यावर भाकरी टाकायची, गरम गरम आणून द्यायची. एका ब्रेकला एक भाकरी. मालिका बदलल्या, पद्धत तीच. आजारी पडल्यावरही ब्रेक लागला की मामा सवयीने उठायचे, आतून वाटी आणायचे, आणि ती तोंड उघडायची.
ब्रेक गेले तसे मामा वाटी घेऊन आधीच बसायला लागले. आत जाणं, येणं, काहीच उरलं नाही.
"मला तरी कुठे कळलं," म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "जुन्या फाईली लाव."
म्हटलं, सॉफ्टवेअरने उडवल्या.
खोटं. सॉफ्टवेअरने विचारलं होतं.

१६ फेब्रु., सोम.
डिस्क काढून बुधवार पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने दोन तास लावले, मी तिथेच. "पुसलं ते पुसलं, वर त्यावरच नवीन लिहिलंय. आता काय काढणार?" पुण्यात सगळे प्रश्नच विचारतात, उत्तर कुणाला नको असतं.

१७ फेब्रु., मंगळ.
तेच सॉफ्टवेअर जोडतंही. सकाळी टीव्हीवरून आजच्या जाहिराती घेतल्या, आवाज कमी केला, जुन्या कापाच्या जागी दीड दीड मिनिट बसवल्या. काप कुठे होते ते मला आता पाठ आहे, कुणी किंचाळलं की ब्रेक.
दुपारी लावलं. ब्रेक आला. मामा उठले, आत गेले, वाटी आणली. मामीने पडद्याकडे पाहिलं आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा नीट बोलली.
"हे आपलं नाही."
पण चार घास घेतले.

१९ फेब्रु., गुरु.
काल सहा. आज एकही नाही. नियम सापडत नाही. मामांचा गुडघा सुजलाय. उठेउठेपर्यंत जाहिरात अर्धी होते.
नाशिकहून विक्कीचा फोन, गोदामात जागा आहे, ये. कपाटातले कपडे काढून पलंगावर ठेवले. मग विचार केला रविवार होऊ दे. मग कपडे तसेच.

२१ फेब्रु., शनि.
सांगून टाकलं मामांना. तो चौकोन, ते टिक, एकही भाग न तपासता मंडईत गेलो ते, कात्रज, सगळं. बडबडलोच. वाटलं ओरडतील.
"मले माहीत हाय." रागात मामा अजून वर्ध्याचे होतात. "टिक करत होता तवा मागंच उभा होतो मी. म्हटलं, एवढं तं येत असन पोराले."
ओरडले असते तर बरं झालं असतं.

२२ फेब्रु., रवि.
र.ताई सकाळच्या विमानाने आली. आल्या आल्या आईचं मनगट बोटांच्या कड्यात धरून पाहिलं. कडं सैल.
"मूळ फाईली कशा गेल्या?" माझ्याकडे बघून.
मामा म्हणाले, "मीच काढायला सांगितल्या. जागा नव्हती."
"तुम्ही, बाबा?"
"मी."
नंतर स्वयंपाकघरात मला म्हणाले, "तुझ्यासाठी नाही बोललो. दुपारी मी आत गेलो की हिच्याजवळ एक माणूस लागतं. तू बेभरवशाचा आहेस हे कळलं तर ती आजच हिला घेऊन जाईल." आणि पलंगावरच्या कपड्यांकडे बोट केलं. "ते आवर."
एकला भाग लावला. सगळे बसलो. दहाव्या मिनिटाला ब्रेक. मामा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागले, अर्ध्यात थांबले. र.ताई म्हणाली, "बसा बाबा, मी भरवते," आणि स्वतः जाऊन वाटी आणली, घास पुढे केला. तोंड मिटलेलं. मामीची मान स्वयंपाकघराच्या दाराकडे. तिथे कुणी नाही.
र.ताईने माझ्याकडे पाहिलं. जाहिरात संपायला आली होती.
मी थांबवली. पडद्यावर रंगाच्या डब्याशेजारी एक बाई हसता हसता गोठली. मामा उठले. भिंतीला हात लावत आत निघाले. मामी दाराकडे बघतेय, आम्ही तिच्याकडे. आत भांडं वाजलं.